बँकेत तीन हजार आठशे पन्नास जास्त

मागच्या वर्षी नाशिकला, त्र्यंबक रोडवरच्या एका हॉलमध्ये मला भाषणाला बोलावलं होतं. मी लेखा शाखेतून रिटायर झालेली बाई, मला कोण कशाला बोलावतंय! पण ठरलेला वक्ता आला नाही आणि माझं घर जवळ होतं. विषय होता, सरकारी आर्थिक अहवालांचा दर्जा कसा सुधारेल. माझ्या आधी बोललेल्या साहेबांनी पडद्यावर दाखवलं, की प्रशिक्षित कर्मचारी हवेत, चांगली संगणक प्रणाली हवी, अंतर्गत तपासणी हवी, स्वतंत्र ऑडिट हवं. समोरचे लेखा लिपिक माना डोलावत होते, त्यातले निम्मे झोपेने. यातलं काही खोटं नाही. मीही तेच बोलले, वर थोडा आपला मीठमसाला टाकला आणि समोसा खाऊन घरी आले. जे बोलायला हवं होतं ते घशाशी येऊन परत गेलं. ते इथे लिहिते.

माझी पहिली नेमणूक जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत झाली, कनिष्ठ लेखा लिपिक म्हणून. कोणती ते सांगत नाही. सांगितली तर तिथले म्हणतील आमचीच बदनामी का, आणि न सांगितली तर बाकीचे सगळे म्हणतील ही आमचीच. तिथल्या हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, मीही म्हणायची. माणूस प्रामाणिक. सरकारचा एक पैसा कधी घरी नेला नाही, आणि सरकारचा एक कागद कधी वाया जाऊ दिला नाही. टाचण्या संपल्या तर बाभळीचे काटे लावायचे. पाठकोऱ्या कागदाचं तर त्यांना वेडच होतं. एका बाजूला टाइप केलेला, मागून कोरा असा कागद टेबलावर दिसला की उचलायचा आणि त्यांच्या डाव्या ड्रॉवरमध्ये टाकायचा, हे काम नव्या माणसाचं. म्हणजे माझं. कच्ची बेरीज नव्या कागदावर केलेली दिसली की ते म्हणायचे, "बाई, तुमच्या वडिलांची कागदाची गिरणी आहे का?" मला भारी राग यायचा. पण चार महिन्यांत मीच इतकी तयार झाले, की घरी लग्नपत्रिकांच्या पाठीवर किराण्याची यादी करायला लागले.

पहिला मार्च आला. मार्चमध्ये ताळमेळ करायचा असतो. बँकेच्या पासबुकातली शिल्लक आणि आमच्या कॅशबुकातली शिल्लक समोरासमोर मांडायची, आणि दोन्हींत फरक निघाला तर तो का आहे ते लिहायचं. मी तीन दिवस बसले. बँकेत तीन हजार आठशे पन्नास रुपये जास्त निघत होते. चौथ्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून भाऊसाहेबांपुढे उभी राहिले.

"किती?"

"तीन हजार आठशे पन्नास."

"कमी का जास्त?"

"बँकेत जास्त."

"अगं, मग रडतेस काय? कमी असते तर मी रडलो असतो. लिही, 'मागील फरक'."

"पण मागच्या वर्षी नव्हता ना, भाऊसाहेब."

"पुढच्या वर्षी मागचाच होईल."

मी हसले, लिहिलं आणि सही केली. खरंच, पुढच्या वर्षी तो मागचाच झाला. ऑडिट यायचं, दोन दिवस बसायचं, आम्ही त्यांना मिसळ खायला न्यायचो. ते आक्षेप काढायचे, "फरकाचा शोध घ्यावा." आम्ही उत्तर द्यायचो, "शोध चालू आहे." त्यांचं काम झालं, आमचंही झालं. माझं अक्षर चांगलं म्हणून हे उत्तर मीच लिहायची. सलग पाच वर्षं लिहिलं. शोध काही कुणी घेतला नाही.

मग माझी बदली झाली, बढती झाली, पुन्हा बदली. जिल्हाभर फिरले. नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांसाठी त्याच पंचायत समितीत सहायक लेखा अधिकारी होऊन परत आले. भाऊसाहेब केव्हाच वारले होते. आता सगळं संगणकावर होतं. पहिल्याच महिन्यात ताळमेळ उघडला तर पहिली ओळ, मागील फरक, तीन हजार आठशे पन्नास. हिशेब संगणकावर घेतले तेव्हा कुणीतरी जसाच्या तसा भरला होता. संगणकाचं काय, जे भरवाल ते खातो. इतक्या वर्षांचं ते भिजत घोंगडं बघून मला हसू आलं. जुनी मैत्रीण रस्त्यात भेटावी तसं वाटलं, खरं सांगते. आणि मीही सही केली. एकदा नाही, तीनदा.

शेवटच्या वर्षी जूनअखेर मी रिटायर होणार होते. मार्चमध्ये एक माणूस माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. साठीचा, काळा, वाळका, हाताची बोटं वाकडी झालेली. हातपंप दुरुस्तीच्या पथकात मदतनीस म्हणून आयुष्य काढलेला आणि नुकताच रिटायर झालेला. मी त्याला तोंडओळखीने मामा म्हणायची. त्याच्या पीएफच्या हिशेबात एका वर्षातले सात महिने कोरे होते, पैसे जमाच नाहीत. ते टेबल बघणाऱ्या लिपिकाने फाईलवर शेरा मारला होता, "सदर सात महिने कर्मचारी विनावेतन गैरहजर असावा." असावा! सर्व्हिस बुकात त्या सात महिन्यांच्या पडताळणीची सहीही नव्हती. म्हणजे फंडाचे पैसे तर गेलेच, पेन्शनसाठीची सेवासुद्धा तेवढी तुटत होती.

"मामा, मार्च आहे," मी वर न बघता म्हटलं. "एप्रिलमध्ये या."

"मॅडम, हापसा बंद पडला का बाया मला एप्रिलात ये नव्हत्या म्हणत."

मी तापलेच. सकाळपासून तीन वेळा सर्व्हर बंद पडला होता, त्यात हा टोमणा. म्हटलं, "काय म्हणणं आहे तुमचं? लिपिकाने कागद बघूनच लिहिलंय ना?"

"पैशाचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "शंभर रुपये कापायचे तवा महिन्याला. सातशे झाले. पर त्यांनी लिव्हलंय का मी गैरहजर व्हतो. त्या साली दुष्काळ व्हता मॅडम. मी एक खाडा केला नाय. माझा पोरगा म्हणतो, बाप्पा, सरकारी कागुद खोटा कसा आसंल? मी खोटं बोलतो का नाय, तेवढं मला लिहून द्या."

आणि त्याने पिशवीतून एक लांबट वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. अशा वह्या त्याच्याकडे घरी अजून कितीतरी होत्या, ही त्या वर्षाची. चौथी शिकलेला माणूस, अक्षर वेडंवाकडं, पण पानांवर पट्टीने रकाने आखलेले. तारीख. गाव. काय मोडलं. काय बदललं. आणि शेवटचा रकाना, "पाणी आलं". त्या रकान्यात सही किंवा अंगठा असायचा, तो साहेबाचा किंवा सरपंचाचा नसायचा. दुरुस्त झालेल्या हापशावर जी बाई पहिला हंडा भरेल तिचा असायचा. पाणी आलं नाही तर रकाना कोरा. तसे कोरेही होते, आणि त्याच गावाची नोंद चार दिवसांनी पुन्हा होती. वहीच्या मागच्या पानांवर पगार, हातात किती, कापले किती. सगळं त्या त्या दिवशी लिहिलेलं. ते ओळखता येतं. शाई बदलते, पेन बदलतं, कुठे ग्रीसचा डाग असतो. वर्षाचं पुस्तक एका बैठकीत लिहिलं की ते कसं दिसतं हे मला कुणी शिकवायला नको, मी तसली डझनभर लिहिली आहेत.

मी वर्ष बघितलं. ते माझं पहिलं वर्ष होतं. गणपतीत हे पथक दुसऱ्या खात्याकडून आमच्याकडे आलं होतं, तेव्हापासून मार्चपर्यंत सात पगार.

"पथकात किती जण होता?"

"पाच. मिस्त्रीचे दीडशे कापायचे, आमचे चौघांचे शंभर शंभर."

मी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला. सवय! साडेपाचशे गुणिले सात. उत्तर लिहिण्याआधीच मला कळलं होतं. मामांना म्हटलं, "वही ठेवून जा." ते म्हणाले, "वही ठेवायची नाय. तुम्हीच बघा काय बघायचं ते, मी बसतो." आणि दोन दिवस तो माणूस बाहेरच्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसला.

त्या दोन दिवसांत मी रेकॉर्ड रूममध्ये होते. जुनं दप्तर लाल रुमालात बांधून ठेवायची पद्धत, त्यामुळे सगळं गाठोड्यांत. शिंकून शिंकून जीव गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पहिल्या मार्चचं गाठोडं सापडलं. आत माझा कच्चा ताळमेळ होता, शिसपेन्सिलीने केलेला, सात कागदांवर. आकडा लिहिलेला कागद फेकायचा नाही हाही भाऊसाहेबांचाच नियम. शेवटच्या कागदावर "३८५०" लिहून त्याला मी दोन वेळा गोल केला होता आणि पुढे प्रश्नचिन्ह.

कागद उलटा केला. मागच्या बाजूला टाइप केलं होतं, हातपंप दुरुस्ती पथक, भविष्य निर्वाह निधी कपातीची यादी. पाच नावं, समोर रक्कम, खाली बेरीज साडेपाचशे. साहेबांची शाईची सही. सातही कागद तसलेच, सात महिन्यांच्या सात याद्या.

मग सगळं आठवत गेलं. पथक नवं, त्यांचा फंड कोणत्या खात्यात भरायचा ते ठरेना, म्हणून सात महिन्यांच्या याद्या मार्चमध्ये एकदम टाइप झाल्या. आणि ट्रेमध्ये एका बाजूने टाइप केलेले, मागून कोरे सात कागद दिसल्यावर नव्या लिपिकेने आज्ञाधारकपणे उचलले. नकला असतील असं मला वाटलं असणार. याद्या गेल्या म्हणून फंडाचा चेक निघालाच नाही. कॅशबुकात पूर्ण पगार खर्ची पडला, माणसांच्या हातात कापून गेला, आणि कापलेले पैसे बँकेत पडून राहिले. मी तीन दिवस ज्या उत्तरासाठी रडत होते, ते माझ्याच पेन्सिलीखाली होतं.

मी तिथेच एका गाठोड्यावर बसले. लाज वाटली. नुसती लाज नाही, भीतीही वाटली. खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो हाच की परत बांधून ठेवावं. तीन महिने राहिले होते. 'विभागीय चौकशी प्रलंबित नाही' असा दाखला मिळाल्याशिवाय पेन्शन सुरू होत नाही. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, "जूनपर्यंत थांब. इतकी वर्षं थांबलं, तीन महिन्यांनी काय आभाळ कोसळतंय?" बोलणं व्यवहाराचं होतं. मला रात्री जेवण गेलं नाही. कारण बाकावर बसलेला तो माणूस मला दिसत होता, आणि त्याला खोटारडा ठरवणारा कागद माझ्या ऑफिसचा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि इथे चोर मी होते.

सकाळी टिपणी लिहिली. आमचे तेव्हाचे साहेब तरुण होते, चांगले होते. वाचून म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव कशाला घालताय? 'कार्यालयीन नजरचुकीने' म्हणा ना. काम तेच होईल."

"साहेब, कार्यालयाला डोळे कुठे असतात? नजर माझी होती."

"उगाच अंगावर ओढवून घेताय."

"आठ वेळा सही केलीय मी त्या फरकावर. पाच वेळा लिपिक म्हणून, तीन वेळा अधिकारी म्हणून. एकदा तरी खरी होऊ द्या."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि टिपणी पुढे पाठवली. मला कारणे दाखवा नोटीस आली. खुलासा दिला. पेन्शन पाच महिने उशिरा सुरू झालं. मेले नाही. नवरा महिनाभर धुसफुसला, मग त्यालाही सवय झाली.

मामांचे सातशे व्याजासकट जमा झाले, सात महिन्यांची सेवाही धरली गेली. आदेश निघाला तेव्हा मी रिटायर झालेली होते, तरी त्याची प्रत घेऊन स्वतः विंचूरला गेले. तिथे ते मुलाकडे राहतात. मुलाच्या हातात कागद दिला. त्याने पूर्ण वाचला, बापाकडे बघितलं आणि आत पाणी आणायला गेला. मामांनी चालू वही काढली. नोकरी संपली तरी वही चालूच होती. माझ्यासमोर लिहिलं. तारीख. गावाच्या रकान्यात ऑफिस. काय मोडलं, "सात महिने". काय बदललं, "कागुद". मी पर्समधून पेन काढून तयार. म्हटलं शेवटच्या रकान्यात आता माझी सही घेतील. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी तंगड्या तोडत विंचूरपर्यंत गेले होते.

त्यांनी वही मिटली.

"मामा, सही?"

"बाकीच्या चौघांचं काय झालं?"

आदेश एकट्या त्यांचा निघाला होता, कारण अर्ज एकट्या त्यांचा होता. बाकीच्यांना आपले पैसे राहिलेत हे माहीतच नव्हतं, तर अर्ज कुठून करणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

"पाच जणांचा हापसा हाय मॅडम," ते म्हणाले. "एकाच्या हंड्यात आलं म्हनून पाणी आलं आसं लिव्हत नाय मी."

इतका राग आला मला! पेन्शन अडकलेलं, नोटीस खाल्लेली, उन्हातान्हात एसटीने आलेली, आणि हा बाबा मला शिकवतोय. चहाही धड न पिता निघाले. बसमध्ये निफाडपर्यंत मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. निफाडनंतर शिव्या संपल्या.

दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात जाऊन त्या चौघांचे पत्ते काढले. मदतनिसांपैकी एकजण चांदवडला सापडला, धडधाकट, रसवंतीचा मालक. रक्कम ऐकून पोट धरून हसला, पण अर्जावर सही केली. दुसरा वारला होता, त्याचा मुलगा सातपूरला कंपनीत आहे, तो रविवारी घरी येऊन कागद देऊन गेला. मिस्त्रीही वारले होते. त्यांची बायको हरसूलच्या पलीकडे एका पाड्यावर राहते. तिला सगळं समजावून सांगितलं, अर्ज भरला, अंगठा घेतला. पैसे किती ते तिने विचारलंच नाही. यादीची झेरॉक्स हातात घेऊन विचारलं, "यात त्यांचा नाव कुठं हाय?" मी बोट ठेवलं. तिने त्यावर आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मला तिथून लवकर निघायचं होतं, बस चुकणार होती. चुकली.

चौथा राहिला. त्याने नोकरी मध्येच सोडली, गाव सोडलं. पेठकडचा होता म्हणतात, कुणी म्हणतं सुरगाण्याकडे सासुरवाडीला गेला. हॉलमध्ये त्या दिवशी भाषण देताना माझ्या पर्समध्ये त्याच्या नावाचा अर्ज होता, आजही आहे. मामा दर महिन्याच्या एक तारखेला फोन करतात. नमस्कार-चमत्कार नाही, तब्येत कशी नाही. "मॅडम, चवथ्याचं काय?" बस्स.

या महिन्यातही आला. मी भाजी निवडत होते. इतक्या वर्षांची जीभ, तिच्यावर आपोआप शब्द आले, "शोध चालू आहे." आले आणि ओठाशी थांबले.

"नाही सापडला, मामा," मी म्हटलं. "या महिन्यात मी शोधलंही नाही. गुडघा दुखत होता."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"मंग कोराच ठिवतो," ते म्हणाले.

"ठेवा. सोमवारी पेठला जाते."